जाऊबाई आणि सात नंबरची बोअर

लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा या घरी जेवायला आले, तेव्हा मोठ्या जाऊबाई घरात नव्हत्या. "कामावर अडकली असेल, येईलच," असं सासूबाई म्हणत होत्या आणि पुन्हा पुन्हा जिन्याकडे बघत होत्या. शेवटी आम्ही टेबलाशी बसलो, आणि पानं वाढायला घेतली तेवढ्यात दार उघडलं. खिसेच खिसे असलेली पँट, कोपरापर्यंत पांढरी धूळ, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि ओठांच्या कडेला चक्क चिखल. माझ्याकडे बघून त्या मनापासून हसल्या, तेव्हा कळलं की दातांवरही चिखल आहे.

"अगं मोठे, तोंड तरी धुऊन यायचंस!" सासूबाई म्हणाल्या.

"धुतलं होतं हो. निघता निघता आणखी एक तुकडा चाखला."

माझा चेहरा बघून आमचे हे कानाशी कुजबुजले, "वहिनी दगड खाते. घाबरू नकोस, माणसांना काही करत नाही."

पुढे मला कळलं की त्यात वेडेपणाचं काही नव्हतं. चिखलाचा दगड अगदी बारीक मातीचा आहे, की त्यात वाळूची पूड मिसळलेली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही. पण दातांमध्ये कण धरला की लगेच समजतं. नुसती माती असेल तर ती लोण्यासारखी गुळगुळीत लागते, पूड असेल तर करकरते. जाऊबाई भूगर्भशास्त्र शिकलेल्या, आणि त्यांची सगळी नोकरी दगड बघण्यात, भिजवण्यात, ओरखडण्यात आणि चाखण्यातच जाते. मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. त्या दगड चावतात, मी दोरा चावते. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

सासूबाईंना मात्र मोठ्या सुनेच्या कामाचा काही थांग लागत नसे. शेजारीण विचारायची तेव्हा त्या "सरकारात आहे" एवढं बोलून विषय बदलायच्या. एका रविवारी त्यांनी हात टेकले.

"मोठे, तू दिवसभर नक्की काय करतेस, ते एकदा मला समजेल असं सांग बघू."

जाऊबाईंनी आम्हा सगळ्यांना आतल्या खोलीत नेलं आणि मोठ्या भाऊजींना पलंगाच्या कडेवर बसायला सांगितलं. मोठे भाऊजी म्हणजे जाऊबाईंचे यजमान. ते तरणतलावावर पोहणं शिकवतात, आणि अंगाने असे आहेत की ते पाण्यात उतरले की कडेला उभ्या माणसांचे पाय भिजतात. ते बसले आणि गादी त्यांच्याखाली दबली. गादीवर ठेवलेली माझी दोऱ्याची रिळं एकामागून एक घरंगळत त्यांच्याकडे गेली.

"हे आपले डोंगर," जाऊबाई भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या. "गच्चीतून दिसतात ना, ते. जमिनीच्या दोन मोठ्या पाट्या एकमेकींवर रेटल्या गेल्या, डोंगर वर आले. आता एवढं ओझं एका जागी आलं तर खालचं कवच वाकणारच. म्हणून डोंगरापुढे हा असा लांबलचक खोलगट भाग तयार होतो. आणि त्याच्याही पलीकडे, इथे हात लावून बघा, जरासा फुगवटा."

सासूबाईंनी हात लावून पाहिलं. खरंच होता.

"डोंगरावरून नद्या गाळ आणतात. रिळं आली ना, तसा. खोलगट भाग भरत जातो. भरलेल्या गाळाचंही वजन होतं, म्हणून तो आणखी खचतो. डोंगर पुढे सरकले की खळगाही पुढे सरकतो. हे सगळं कधी, कसं झालं ते थरांमध्ये राहून जातं. मी ते थर वाचते. पुस्तकात या खळग्याला 'अग्रभूमी द्रोणी' असं भारदस्त नाव आहे. आपलं शहर तिच्यावरच बसलंय."

"मी किती वेळ बसू?" भाऊजींनी विचारलं.

"दोन-तीन कोटी वर्षं तरी."

"मग चहा इथेच आणा."

त्या दिवसापासून शेजारणीला उत्तर मिळालं. "आमची मोठी डोंगराचा हिशेब ठेवते," असं सासूबाई सांगू लागल्या, आणि पुढे अर्धा तास सोडत नसत.

जाऊबाईंची कामाची जागा मी पहिल्यांदा पाहिली ती खिडक्यांच्या पडद्यांची मापं घ्यायला गेले तेव्हा. लांबलचक शेड, पत्र्याचं छप्पर, आणि जमिनीपासून आढ्यापर्यंत मांडण्या. मांडण्यांवर लाकडी ट्रे, आणि प्रत्येक ट्रेमध्ये दगडाचे गोल दांडके ओळीने ठेवलेले. बोअर मारताना पोकळ नळीतून जमिनीतला दगड जसाच्या तसा वर येतो, त्याला कोअर म्हणतात. शेडमध्ये पावसात भिजलेल्या अंगणासारखा वास होता, कारण जाऊबाई सारख्या हातातल्या बाटलीने कोअरवर पाणी फवारत असत. कोरडा दगड करडा आणि मुका दिसतो. ओला केला की त्याच्या रेघा, रंग, शिंपले सगळं उमटतं.

"ही सात नंबरची बोअर," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा बदलला. नव्या सुनेला घरातल्या लाडक्या माणसाची ओळख करून द्यावी, तसा. "बाकीच्या बोअर मध्येच कुठेतरी थांबल्या. ही एकटीच वरून पार तळापर्यंत गेली."

त्यांनी मला खालून वर नेलं, म्हणजे जुन्यापासून नव्याकडे. तळाशी पांढरी स्वच्छ वाळू आणि चुनखडी. तिच्यावर त्यांनी ॲसिडचा थेंब टाकला, तो फसफसला. उथळ, शांत समुद्र. तेव्हा डोंगर नव्हतेच, आणि ही वाळू पलीकडच्या जुन्या सपाट भूमीवरून आली होती. त्याच्यावर एकदम काळा, बारीक चिखलाचा दगड, मांडण्यांमागून मांडण्या. समुद्राचा तळ खचून खोल झाला होता. मग वाळू-चिखल, वाळू-चिखल असे पट्टे, समुद्राखालच्या उतारांवरून गाळाचे लोंढे घसरून आले ते. पुढे लाटांच्या खुणा आणि फुटके शिंपले, म्हणजे खळगा भरत आला, पाणी उथळ झालं. मग समुद्र संपला. तांबडी माती, तिच्यात झाडांच्या मुळांच्या वाटा, नद्यांची वाळू. आणि सर्वात वर मुठीएवढे गोटे. आता डोंगर अगदी दाराशी येऊन उभा होता.

भिंतीवर या सगळ्याचा एक उभा तक्ता लावला होता. काळा चिखल जिथे संपतो आणि पट्टे सुरू होतात तिथे जाड लाल रेघ होती. "इथून पुढे डोंगराचा गाळ" असं तिच्याशेजारी लिहिलेलं.

"ही रेघ आमच्या गाळमहर्षींची," जाऊबाई म्हणाल्या.

गाळमहर्षी म्हणजे त्यांचे पहिले साहेब, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले. हे नाव ऑफिसने ठेवलं होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं. सात नंबरची बोअर त्यांनीच मारून घेतली, जाऊबाईंना भिंग धरायला त्यांनीच शिकवलं. काळ्या चिखलात डोंगराचा एक कणही नाही, असं त्यांचं ठाम मत. तेव्हा डोंगर अजून लांब आणि पाण्याखाली होते, त्यांचा गाळ इथवर पोचतच नव्हता, असं ते म्हणत.

"आणि तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटतं, तळ खचला म्हणजे ओझं आलं होतं. ओझं आलं होतं तर त्याचा थोडा तरी कचरा इथे पडायला हवा. पण वाटून काय उपयोग? कण दाखवायला हवा, आणि तो मला कधी दिसला नाही."

पडदे लागले. पण पडदे लागून वर्षही झालं नसेल, वाऱ्याने शेडचे पत्रे उचकटले. पाहणी करायला आलेल्या इंजिनियरने खांबांवर टिचक्या मारल्या आणि मान हलवली. इमारत रिकामी करायची, असं ठरलं. नवी जागा मिळाली ती जुनीच्या निम्मी. म्हणजे निम्मे कोअर फेकायचे.

तेव्हाचे साहेब वयाने जाऊबाईंपेक्षा लहान आणि स्वभावाने बरे होते. "बाई, मलाही बरं वाटत नाही," ते म्हणाले. "पण ज्यांचे नीट फोटो काढलेत त्या बोअर सोडून देऊ. सात नंबरचे फोटो उत्तम आहेत."

"फोटोवर ॲसिड टाकलं तर फसफसतं का, साहेब?"

साहेबांना हसू आलं, पण जागा काही वाढली नाही. "तुम्ही दुसरीकडे सोय केलीत तर मी आनंदाने सही करतो," एवढं त्यांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी जाऊबाईंनी घरातली सगळी भांडी घासली, धुतलेलीसुद्धा. भांड्यांच्या आवाजावरूनच आम्हाला अंदाज आला. मोठे भाऊजी दारात उभे राहून बघत होते.

"किती जागा लागेल?" त्यांनी विचारलं.

"लांब हवी. आणि कोरडी."

"आमचा तलाव आहे की."

जाऊबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

तरणतलावाचे पाइप फुटले होते. पाणी काढून टाकलेलं, दुरुस्तीचं सामान यायला अख्खा मोसम जाणार होता. भाऊजी रोज कामावर जायचे आणि कोरड्या तलावाच्या काठावर बसून परत यायचे. बंदिस्त हॉल, वरून काचेतून उजेड, आणि तलावाची लांबी तर विचारायलाच नको. साहेबांनी बोलल्याप्रमाणे सही केली. तलावाच्या व्यवस्थापक बाई कडक होत्या, त्यांची एकच अट होती, फरशीवर ओरखडा दिसता कामा नये. ते काम माझ्याकडे आलं. दुकानात साठलेल्या जाड कापडाच्या चिंध्या, जुनी ब्लँकेटं, सोफ्याचे उरलेले तुकडे, सगळं जोडून मी ट्रेंखाली घालायला पट्ट्या शिवल्या. मशीन इतकं तापलं की त्यावर ऑम्लेट झालं असतं.

आमच्या ह्यांचा घरसामान हलवायचा ट्रक आहे. पियानो, कपाटं, एकदा तर बोकडासकट एक बिऱ्हाडही त्यांनी हलवलंय. पण पहिली खेप भरल्यावर ते घाम पुसत म्हणाले, "वहिनी, हा तुमचा समुद्र फार जड आहे हो."

तलावाच्या उथळ बाजूला पायऱ्या, खोल बाजूला उतार. जाऊबाईंनी ठरवलं की तळातले थर खोल बाजूला मांडायचे आणि वर वर येत गोटे उथळ बाजूला. काम सुरळीत चाललं. ट्रेवर खडूने आकडे, आकड्यांप्रमाणे रांगा. काळ्या चिखलाचे ट्रे आले तेव्हा भाऊजींना घाई झाली. "एकेक काय नेताय, आणा दोन," म्हणत त्यांनी दोन ट्रे एकावर एक उचलले आणि उताराच्या फरशीवर पाय टाकला.

आयुष्यभर त्या तलावात पाय घट्ट रोवून उभा राहिलेला माणूस, तो कोरड्या तलावात घसरला. भाऊजी एकीकडे, ट्रे दुसरीकडे. हॉलमध्ये असा आवाज घुमला की व्यवस्थापक बाई वरून ओरडल्या, "फरशी!"

फरशी शाबूत होती. भाऊजीही होते. कोअरचे मात्र तुकडे तुकडे होऊन तळभर पसरले होते. भाऊजी बसल्या जागी लहान मुलासारखे हातात एक तुकडा धरून जाऊबाईंकडे बघत होते.

"लागलं का तुम्हाला?" जाऊबाईंनी विचारलं.

"मला नाही. त्याला लागलं."

जाऊबाई खाली बसल्या. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. मग खांदे हलायला लागले आणि मला वाटलं, रडतायत. हसत होत्या. "एवढी वर्षं मी जपलं," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही एका बुडीत..." पुढचं त्यांना बोलवेना.

हसू ओसरल्यावर आम्ही तुकडे जुळवायला बसलो. मला त्यात गती होती, फाटक्या कापडाच्या कडा जुळवायची सवय हाताला असतेच. काळा दगड, काळा दगड, सगळा एकसारखा काळा. या भागात काही बघण्यासारखं नाही असं मानून तो करवतीने उभा कापलाही नव्हता, बोअरमधून आला तसा अखंड राहिला होता. आता तो पहिल्यांदाच आतून दिसत होता. एका तुकड्याच्या फुटक्या तोंडावर मला बारीकशी फिकट रेघ दिसली, आणि तिच्यात तिळाएवढा लाल ठिपका.

"जाऊबाई, याला डाग पडलाय."

त्यांनी तुकडा घेतला. पाणी फवारलं. भिंग डोळ्याला लावलं. मग इतका वेळ त्या तशाच बसून राहिल्या की आमचे हे हळूच म्हणाले, "वहिनी, श्वास घ्या."

"हा गारगोटीसारखा लाल दगड आहे ना," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "हा खाली कुठेच सापडत नाही. पलीकडच्या जुन्या भूमीवरही नाही. हा फक्त डोंगरमाथ्यावर असतो."

"म्हणजे सापडला कण!" भाऊजी ओरडले आणि उठायला गेले. आम्ही तिघांनी त्यांना परत बसवलं.

"एका खड्यावर मी डोंगर उभा करणार नाही," जाऊबाई म्हणाल्या. "चुकून आलेला असू शकतो. आणखी हवेत. आणि लालबरोबर हिरवा हवा, साबणासारखा गुळगुळीत. डोंगरात ते दोघं जोडीने राहतात."

मग आमचं सगळं घर कोरड्या तलावात राहायला गेल्यासारखं झालं. मी दुकान लवकर बंद करून यायची, हे ट्रकच्या खेपा संपवून यायचे, भाऊजींची तर ती जागाच होती. जाऊबाईंनी साहेबांकडून परवानगी आणून काळ्या दगडाचे निवडक तुकडे उभे चिरले. आम्ही पाणी फवारायचं, भिंगाने बघायचं, काही वेगळं दिसलं तर हाक मारायची. मी हाक मारली तेव्हा तो गंज निघाला. ह्यांनी हाक मारली तेव्हा बिस्किटाचा तुकडा निघाला, तोही ह्यांच्याच खिशातला.

सासूबाईंनी आधी "तलावात उतरणं माझ्याच्याने व्हायचं नाही" असं जाहीर केलं. पण घरी एकट्या बसून त्यांना करमेना. त्या आल्या, भरतकामाचं दिव्याचं भिंग घेऊन. उथळ बाजूच्या पायरीवर उशी टाकून बसल्या आणि "माझ्याकडे आणून द्या एकेक" म्हणाल्या. आम्ही मनात म्हटलं, चला, तेवढाच वेळ जाईल त्यांचा.

तिसऱ्या की चौथ्या तुकड्याला त्या म्हणाल्या, "मोठे, तुला हिरवा हवा होता ना? बाटलीचा हिरवा की शेवाळाचा?"

जाऊबाई धावत गेल्या. नखाने ओरखडून पाहिलं, बोटाने चोळून पाहिलं. मग सासूबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरून त्यांच्या गालाचा पापा घेतला. हात दगडाच्या चिखलाने माखलेले होते. सासूबाई घरी जाईपर्यंत तोंड न धुता बसल्या होत्या.

त्यानंतर जणू बांध फुटला. नजर बसली की दिसायलाच लागतं. लाल, हिरवा, पुन्हा लाल. सगळे त्या फिकट, बारीक रेघांमध्ये, काळ्या चिखलात, तक्त्यावरच्या लाल रेघेच्या बऱ्याच खाली. डोंगर मानलं होतं त्याच्या कितीतरी आधी उभे राहायला लागले होते आणि त्यांचा पहिला चुरा त्या खोल समुद्रात अधूनमधून येऊन पडत होता.

आता गाळमहर्षींना सांगणं भाग होतं. जाऊबाई दोन दिवस फोन उचलायच्या आणि ठेवायच्या. "त्यांनीच मला शिकवलंय गं धाकटे," त्या मला म्हणाल्या. "त्यांची रेघ मी कशी पुसू?" शेवटी फोन सासूबाईंनीच लावला आणि "आमच्याकडे तलावावर या" असं आमंत्रण देऊन ठेवून दिला.

ते आले. उंच, वाकलेले, हातात काठी, पायात चकचकीत बूट. सात नंबरची बोअर अशी सलग मांडलेली त्यांनीही कधी पाहिली नव्हती. खोल बाजूने ते एकेक पाऊल टाकत वर आले. काळ्या चिखलाशी जाऊबाईंनी भिंग पुढे केलं. त्यांनी पाहिलं. दुसरा तुकडा पाहिला. तिसरा दातांत धरला.

"हं," ते म्हणाले. आणि काठी टेकत पायऱ्या चढून निघून गेले. मी केलेला चहासुद्धा घेतला नाही.

जाऊबाई इतक्या खचल्या की त्यांना ट्रेच्या रांगेत बसवून मी तोच चहा पाजला. "रागावले," त्या म्हणत राहिल्या. "त्यांना दुखावलं मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी तलावाचं कुलूप काढायला गेले तर दारात गाळमहर्षी उभे. चकचकीत बूट गेलेले, पायात जुने जाड तळव्याचे, बगलेत बसायला गादी, खिशात स्वतःचं भिंग. ते थेट काळ्या चिखलाच्या अगदी तळाच्या ट्रेपाशी जाऊन बसले. जाऊबाई आल्या तेव्हा मान वर न करता त्यांनी फर्मावलं, "पाणी."

दुपारपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मग एकदम काठी आपटून ओरडले, "बाई! तुमचं चूक आहे!"

आम्ही सगळे गोळा झालो.

"तुम्ही म्हणता डोंगराचा पहिला कण तिथे," त्यांनी काठीने वर दाखवलं. "साफ चूक. हा बघा. तुमच्यापेक्षा खाली." आणि त्यांच्या तळहातावर टाचणीच्या डोक्याएवढा लाल कण होता.

जाऊबाईंनी तो भिंगाखाली घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "सर, हा गंज आहे."

"गंज तुमच्या डोळ्यांत!"

ते भांडण संध्याकाळपर्यंत चाललं, आणि मी जाऊबाईंना इतकं आनंदी कधी पाहिलं नव्हतं. तो कण खरंच गंज निघाला, पण त्याच तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला अस्सल हिरवा सापडला, तेव्हा दोघांनी आपापला विजय जाहीर केला. जाताना गाळमहर्षींनी दोन कप चहा घेतला. "माझी रेघ तीस वर्षं टिकली," ते मला म्हणाले. "वाईट नाही. आता ही किती टिकते बघू." आणि भाऊजींच्या पाठीवर थाप मारून, "तुम्ही आणखी कुठे घसरणार असाल तर आधी मला कळवा."

तलावात पाणी भरायची वेळ आली तेव्हा व्यवस्थापक बाईंनीच सुचवलं की एक रविवार लोकांना बघू द्या. त्याही रोज वरून वाकून बघत होत्या, आणि कोणता दगड ॲसिडने फसफसतो हे आता त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्या रविवारी एवढी माणसं आली की चपला-बुटांची रांग रस्त्यापर्यंत गेली. लोक अनवाणी खोल बाजूने उतरायचे, काळ्या चिखलाशेजारून चालायचे, शिंपल्यांपाशी वाकायचे, तांबड्या मातीत मुळांच्या वाटा बघायचे आणि गोट्यांपाशी वर यायचे. मध्यभागी स्टूल टाकून सासूबाई बसल्या होत्या. "हिरवा मी शोधला," असं त्या प्रत्येकाला सांगत होत्या, विचारलं नसलं तरी. एका बागकाम करणाऱ्या माणसाने तांबड्या मातीशी बसून विचारलं, "म्हणजे माझ्या वाफ्यात जे गोटे निघतात ते डोंगरावरून आलेत?" जाऊबाईंनी हो म्हटल्यावर तो खूश होऊन म्हणाला, "मी उगाच शेजाऱ्याला शिव्या देत होतो."

साहेब बायको-मुलांना घेऊन आले होते. गर्दी बघून ते दोनदा चालून गेले. महिन्याभरात प्रेक्षकांच्या बाकांखालची लांबलचक कोठडी त्यांनी तलावाकडून ऑफिसच्या नावावर मागून घेतली आणि सात नंबरची बोअर तिथे गेली. सगळंच वाचलं नाही. तीन आणि अकरा नंबरचे कोअर रस्त्याच्या भरावात गेले, आणि तो रस्ता आला की जाऊबाई अजून खिडकीबाहेर बघत नाहीत. पण तक्त्यावरची लाल रेघ खाली आली. छापील लेखात तिच्याखाली दोघांची नावं आहेत, जाऊबाईंचं आधी, गाळमहर्षींचं नंतर. हा क्रम गाळमहर्षींनीच हट्टाने लावला. ऑफिसात मात्र त्या थराला कोणी आकड्याने ओळखत नाही. सगळे त्याला "सासूबाईंचा थर" म्हणतात. हे ऐकल्यापासून सासूबाईंनी डोळ्यांचा चष्मा बदलून घेतलाय, न जाणो पुन्हा बोलावणं आलं तर.

त्या लेखाने आणखी एक झालं. डोंगराच्या अगदी पायथ्याशी नवी बोअर मारायला मंजुरी मिळाली, तोच थर तिथे जाड आहे का ते बघायला. जाऊबाई तंबूत राहायला गेल्या. मागे भाऊजी स्वयंपाक शिकू लागले, आणि आम्ही सगळे त्यांच्या सुपाला कंटाळून एका सुट्टीच्या दिवशी ट्रकमध्ये बसून पायथ्याशी गेलो.

मशीन धडधडत होतं. डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यापर्यंत बूट, जाऊबाई आम्हाला हात करून पुन्हा नळीकडे वळल्या. बोअरवाल्याने नळी आडवी केली, लाकडी हातोडीने ठोकली, आणि ओला, काळा कुळकुळीत दांडका सरकत सरकत ट्रेमध्ये आला. गरम होता, त्याच्यातून वाफ निघत होती.

बोअरवाला कपाळ पुसत म्हणाला, "बाई, परत तेच काळं. थांबायचं का आता?"

"थांबायचं काय? आत्ता कुठे मजा यायला लागलीये," जाऊबाई म्हणाल्या, आणि गळ्यातलं भिंग हातात घेऊन ट्रेवर वाकल्या.